९९०० एमएएच लिहिलंय, म्हणजे?

टॉर्चचा सेल घ्यायला उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातल्या दुकानात जा, अंबरनाथ स्टेशनबाहेर विचारा किंवा बदलापुरात घरबसल्या मोबाइलवरून मागवा. ९९०० एमएएच छापलेला सेल कुठे ना कुठे समोर येतोच. शेजारचा जपानी किंवा कोरियन सेल ३५०० एमएएचचा, आणि वर महागही. गिऱ्हाईक साहजिकच पहिला उचलतं. कमी पैशांत जवळजवळ तिप्पट माल, कोण सोडेल?

पण या मापाचा ९९०० एमएएचचा सेल कुठलाच कारखाना बनवत नाही. टॉर्चमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा सेल म्हणजे १८६५०: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य तो नळकांड्यासारखा गोल असल्याचं सांगणारं. एवढ्या जागेत किती वीज मावणार याला रसायनशास्त्राची मर्यादा आहे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणला, तेव्हापासून ही मर्यादा हळूहळूच सरकली. पॅनासोनिक, एलजी, सॅमसंग यांचे सर्वाधिक क्षमतेचे १८६५० सेल ३५०० च्या आसपास थांबतात; अगदी अलीकडे एखाद-दुसरा ४००० पर्यंत पोचलाय. त्यापुढचा आकडा दिसला की तो सेलचा नसून छापखान्याचा आहे असं समजावं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद उल्हासनगरकर स्वतःच हसत सांगतात, पण या प्रकरणात त्यांच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. असले सेल बहुतेक करून वेष्टनासकट परदेशातूनच येतात.

पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. अस्सल १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरतो. काटा तिशीतच अडकला, तर आत पुरेसा मालच नाही. उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, थकलेला सेलही वजनात बरोबर भरतो. त्यावर नवं प्लास्टिकचं वेष्टन चढवून गरम हवेचा झोत दिला की तो कोरा करकरीत दिसतो. म्हणून वजनाबरोबर दुसरीही खूण बघावी. भारतात विकायच्या अशा सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा पाकिटावर ‘आयएस १६०४६’ आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीची ते कळतं. क्रमांक एकाचा आणि वेष्टनावरचं नाव दुसऱ्याचंच निघालं, तर सेल परत करावा.

आता समजा, सेल अस्सल आहे. तरी जास्त एमएएच म्हणजे जास्त दमदार सेल, ही समजूत चूकच. एमएएच सांगतं साठा किती. एका वेळी किती प्रवाह देता येईल ते अँपिअरच्या वेगळ्या आकड्यात असतं. साठा वाढवायचा तर सेलच्या आत पत्र्यांवरचा लेप जाड करावा लागतो. लेप जाड झाला की आयनांना लांबचा पल्ला पडतो, आतला विरोध वाढतो, आणि जास्त प्रवाह ओढला की सेल तापतो. म्हणून सॅमसंगचा ३५०० एमएएचचा ‘३५ई’ सलग ८ अँपिअरपर्यंतच वापरायचा असतो, तर त्याच कंपनीचा २५०० एमएएचचा ‘२५आर’ २० अँपिअर देतो. दोन्ही चांगलेच, कामं वेगळी.

टॉर्चचा हिशोब तोंडी करता येतो. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो. १००० लुमेनच्या टॉर्चला १० वॅट, म्हणजे जेमतेम ३ अँपिअर लागतात. इथे ‘३५ई’सारखा सेल योग्य, तो पूर्ण प्रकाशात तासभर चालेल. याच हिशोबाने ‘एक लाख लुमेन’ लिहिलेल्या खिशातल्या टॉर्चला १००० वॅट लागतील. एका सेलमध्ये साडेबारा वॅट-तासांच्या आसपास वीज असते. ती पाऊण मिनिटात संपेल, आणि तोवर सेल आणि हात दोन्ही शाबूत राहिले तर बरं! खरं तर आपल्याकडे टॉर्च लागते ती मंद प्रकाशासाठी. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये रात्रभर अडकली, हजाराहून जास्त प्रवासी आत होते. अशा रात्री १० लुमेनवर दोन-तीन दिवस टिकणारी टॉर्च झगमगाटापेक्षा उपयोगी. चंदेरी गडाच्या पायथ्याशी अंधारात वाट शोधतानाही तेच.

‘व्हेपवाला सेल आहे, एकदम पॉवरफुल’ असं सांगून सेल गळ्यात मारणारेही भेटतात. व्हेपची तार तापवायला कित्येकदा १५-२० अँपिअर लागतात, म्हणून त्या सेलचा साठा मुद्दाम कमी असतो. साध्या टॉर्चला त्याचा काही फायदा नाही. आणि मुळात व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण यांवर भारतात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. साठवण सोडता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या उपकरणासाठी सेल कोणता, याचं कायदेशीर उत्तरच नाही. टाकून दिलेल्या व्हेपमधला सेल काढून टॉर्चला जोडायची हौस तर अजिबात नको. बहुतेकदा त्याला स्वतःचं संरक्षक सर्किट नसतं.

मापात बसतो म्हणजे चालतो, ही आणखी एक महागात पडणारी समजूत. १४५०० सेल आपल्या पेन्सिल सेलच्याच, म्हणजे एए मापाचा असतो. पण साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि हा भरल्यावर ४.२ व्होल्टचा. तीन बारीक एएए सेलच्या टॉर्चमध्ये हौसेने त्याच मापाचे तीन लिथियम सेल घातले, तर साडेचार व्होल्टच्या जागी साडेबारा व्होल्ट जातात आणि एलईडी तिथेच संपतो. उलट, संरक्षक सर्किटवाला १८६५० नावाला ६५ मिलिमीटरचा. प्रत्यक्षात ६८ ते ७० भरतो आणि काही टॉर्चचं झाकणच लागत नाही. घ्यायला जाताना टॉर्च सोबत न्यावी हे बरं. टॉर्च दोन सेलची असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे हवेत. नवा-जुना जोडला की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो. वेष्टन फाटलेला सेलही वापरू नये: सेलचं अख्खं अंग ऋण टोक असतं, आणि वरच्या धन टोकापासून ते जेमतेम कागदाच्या चकतीएवढं लांब. खिशातली किल्ली तेवढं अंतर सहज भरून काढते.

सेल पूर्ण उतरवूनच चार्ज करावा, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो उलट बाधतो. पावसाळ्यानंतर कपाटात टाकलेली टॉर्च पुढच्या जूनमध्ये काढली आणि सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेला दिसला, तर दुकानदार ‘झटका देऊन उठवतो’ म्हणाला तरी त्याला तसं करू देऊ नये. आतलं तांबं विरघळून पुन्हा भलत्याच जागी बसलेलं असू शकतं. असा सेल चार्जिंगवर पेटतो. ठेवायचाच तर अर्धा भरून, थंड जागी ठेवावा. बदलापूरचा पारा चैत्र-वैशाखात चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात.

पेटलेल्या सेलवर पाणी टाकलं की भडका उडतो, असंही ऐकू येतं. तो गुण धातुरूप लिथियमचा. या सेलमध्ये लिथियम संयुगाच्या रूपात असतं. चार्जरचा स्विच बंद करून लांबून भरपूर पाणी ओतणं हाच सेल थंड करायचा उपाय; धूर मात्र विषारी असतो, तो नाकात जाऊ देऊ नये.

फुगलेला, गंजलेला किंवा मेलेला सेल कचऱ्याच्या गाडीत टाकला की तो दाबयंत्रात चेपून पेटू शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा नवा घेताना ‘जुना परत घेता का?’ असं दुकानदाराला विचारायला काहीच हरकत नाही.