पारा चढतो, राख धरते

चंद्रपूर असो, कोराडी असो की परळी. औष्णिक वीज केंद्रात कोळशाची एक मालगाडी रिकामी झाली की साधारण चार हजार टन कोळसा उतरतो. सोबत चारेकशे ग्रॅम पाराही, फुकटात! टनामागे ०.१ ग्रॅम हा ढोबळ हिशेब. आकडा खाणीगणिक बदलतो. एवढा पारा एकत्र केला तरी भरेल जेमतेम ३० मिलिलिटर. कटिंग चहा त्याहून जास्त असतो.

पारा उकळतो ३५७ अंशांना आणि बॉयलरमध्ये तापमान हजाराच्या कितीतरी वर. त्यामुळे आत शिरताच त्याची वाफ होते. गंमत पुढे आहे. धूर ईएसपीपर्यंत, म्हणजे राख धरणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचताना १३०-१५० अंशांवर आलेला असतो, तरी पाऱ्याचा थेंब बनत नाही. घनमीटरभर धुरात पारा असतो मोजके मायक्रोग्रॅम. थेंब जमायला गर्दी लागते, ती इथे नाहीच.

मग त्याला धरतं कोण? राखेतले न जळलेले काळे कण. ते सच्छिद्र असतात आणि पारा त्या छिद्रांत चिकटतो. धूर जितका थंड, तितकी पकड घट्ट. बॉयलर सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या डोळ्यांत हेच कण खुपतात, कारण उरलेला कार्बन म्हणजे वाया गेलेलं इंधन. पाऱ्यापुरती तरी ही उधळपट्टी माफ!

राखेच्या अंगावर पाऱ्याचं कोळशातल्या क्लोरीनशीही जुळतं. असा जुळलेला पारा पाण्यात विरघळतो, म्हणून गंधक धुणाऱ्या एफजीडीत आयताच सापडतो. एकटा राहिलेला मात्र चिमणीतून सटकतो आणि महिनोन्‌महिने हवेत फिरतो.

अमेरिकेत वायोमिंगच्या कोळशात क्लोरीन कमी. तिथे धुरात ब्रोमीन लावलेली कार्बनची पूड फुंकतात. पारा सापडतो, पण काँक्रीटमध्ये मिसळायची राख बिघडते: काँक्रीट गोठून फुटू नये म्हणून त्यात हवेचे बुडबुडे धरणारं रसायन घालतात, तेच ही पूड पिऊन टाकते.

भारतात डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला मर्यादा आली: घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. जुन्या, लहान संचांना सूट.

आता राखेचं पुढे काय? तयार क्लिंकरसोबत, म्हणजे भट्टीत भाजून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांसोबत, दळून सिमेंटमध्ये मिसळली, तर पारा बहुतांशी आतच राहतो. तीच राख कच्चा माल म्हणून १,४५० अंशांच्या भट्टीत टाकली, की पारा पुन्हा वाफ होऊन मोकळा.