फुगलेल्या शिरा पुन्हा का येतात

व्हेरिकोज व्हेन्सवर उपचार झाले, पाय हलका झाला, तरी काही वर्षांनी त्याच पायावर वेड्यावाकड्या शिरा पुन्हा उठून दिसू लागतात, हे या आजारात नेहमीचे आहे. लेझर आणि शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी डेन्मार्कमधील एक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या पायांवर शिरा पुन्हा आढळल्या. यातल्या सगळ्यांना त्रास होता असे नाही, आणि सगळ्यांवर पुन्हा उपचार करावे लागले असेही नाही. तरीही ‘एकदा लेझर केले की कायमचे सुटलो’ ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

शिरा परत का येतात हे कळण्यासाठी त्या मुळात का फुगतात हे पाहावे लागते. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा असतो, कारण हृदयापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचे सगळे वजन तिथे पडते. चालायला लागले की पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्या मधल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकलले जाते आणि शिरेतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. काही पावलांत हाच दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. कातडीखालून जाणाऱ्या वरवरच्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या की वर गेलेले रक्त जांघेतून किंवा गुडघ्यामागून पुन्हा खाली सांडते. चालूनही दाब उतरत नाही, शिरेची भिंत ताणली जाते, फांद्या फुगतात, पोटऱ्या भरून येतात, आणि पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला काळे डाग व न भरणारी जखम इथवर मजल जाते.

उपचाराने निकामी शीर बंद होते किंवा काढली जाते. गुरुत्वाकर्षणाचा दाब मात्र तसाच राहतो, आणि भिंत सैल पडण्याची आनुवंशिक प्रवृत्तीही उरलेल्या शिरांत शिल्लक असते. उपचारानंतरची काळजी या दोन गोष्टींना धरून घ्यायची असते.

१९९८ मध्ये पॅरिसला भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या शिरांची कारणे चार गटांत मांडली गेली. पहिल्या गटात निदानाची चूक येते : ज्या शिरेतून रक्त मागे सांडत होते ती सुटली आणि दुसऱ्याच शिरेवर उपचार झाला. दुसऱ्यात कामातली कसर येते, म्हणजे शीर बरोबर ओळखली पण ती पुरती बंद झाली नाही. जांघेत कापाकापी झालेल्या जागी बारीक, नागमोडी नव्या रक्तवाहिन्या उगवून बंद केलेला रस्ता पुन्हा जोडतात, हे तिसरे कारण. चौथे कारण म्हणजे आजाराची स्वाभाविक वाढ : काल धड असलेली शीर आज निकामी होते. पहिली दोन कारणे उपचार करणाऱ्याच्या हातातली आहेत. रुग्णाला मोजे, व्यायाम, वजन यांवर भरपूर उपदेश मिळतो, पण परत येण्याचा बराचसा निकाल उपचाराच्या आधी, सोनोग्राफीच्या खोलीतच लागलेला असतो.

म्हणून तिथले काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. चांगली कलर डॉपलर तपासणी, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी, रुग्णाला आडवे झोपवून होत नाही. त्याला एका बुटक्या स्टुलावर उभे करतात, आधाराला काही धरायला देतात आणि अंगाचा भार दुसऱ्या पायावर टाकायला सांगतात, म्हणजे तपासायचा पाय सैल राहतो. जांघेत, जिथे ग्रेट सॅफिनस शीर खोल शिरेला मिळते, तिथे प्रोब ठेवून पोटरी दाबली जाते आणि झटकन सोडली जाते. दाबताना रक्त वर जाते आणि पडद्यावर एक रंग उमटतो. सोडल्यावर झडप धड असेल तर रंग लगेच विझतो. निकामी असेल तर उलटा रंग उमटून रेंगाळतो. वरवरच्या शिरांत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष धरतात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंदाची आहे.

मग प्रोब इंचाइंचाने खाली सरकतो. मांडीच्या पुढच्या बाजूने जाणारी सहायक सॅफिनस शीर, गुडघ्यामागची स्मॉल सॅफिनस, खोल आणि वरवरच्या शिरांना जोडणाऱ्या परफोरेटर शिरा यांतले काहीही गृहीत धरायचे नसते. पुढच्या बाजूची सहायक शीर हे लेझरनंतर शिरा परत येण्याचे एक ठळक कारण आहे. मुख्य शीर उत्तम बंद होते, रक्त मात्र शेजारच्या या वाटेने उतरू लागते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या मांडीच्या आतल्या बाजूला किंवा जननेंद्रियाभोवती शिरा असतील, तर उगम ओटीपोटातल्या शिरांत असू शकतो. तो न शोधता पायावर केलेले काम फार दिवस टिकत नाही.

खोल शिरांत जुनी गुठळी आहे का, हेही इथेच कळते. खोल शीर बंद असेल तर वरची फुगलेली शीर हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो. ती बंद केली तर पाय आणखी सुजतो. तपासणी संपली की पायाचा नकाशा कागदावर काढतात, आणि उपचाराच्या दिवशी तोच उभ्या पायावर मार्करने उतरवतात, कारण रुग्ण टेबलावर आडवा झाला की शिरा रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. नजरेला दिसणाऱ्या गाठींना तेवढ्या सुया टोचून घेणे आणि उगम तसाच सोडणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. दुर्दैवाने स्वस्तात आणि झटपट होणाऱ्या उपचारांत हेच सर्रास घडते.

उपचाराच्या निवडीचाही परिणाम होतो. पूर्वी जांघेतला शिरांचा सांधा फक्त बांधून शीर जागेवर ठेवली जाई. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या चाचणीत दिसले की शीर ओढून काढली तर पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण नुसते बांधण्याच्या तुलनेत बरेच कमी होते. नेदरलँड्समधील २०१५ च्या एका चाचणीत पाच वर्षांनंतर ग्रेट सॅफिनस शीर नाहीशी किंवा बंद राहिल्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ८५ टक्के, लेझरनंतर ७७ टक्के आणि फोमच्या इंजेक्शनानंतर अवघे २३ टक्के होते. फोम वाईट आहे असा याचा अर्थ नाही. वाकड्यातिकड्या फांद्या आणि परत आलेल्या शिरा यांसाठी तो सोयीचा असतो. मांडीतली जाड, सरळ मुख्य शीर एकट्या फोमवर सोडू नये, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात मात्र लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीला पहिली पसंती, मग फोम आणि शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम आहे.

लेझर करताना शिरेत घातलेल्या तंतूचे टोक जांघेतल्या सांध्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर खाली ठेवतात, म्हणजे उष्णता खोल शिरेपर्यंत पोचून तिथे गुठळी होण्याचा धोका कमी राहतो. शिरेभोवती भुलीचे औषध मिसळलेले सलाइन भरतात. त्याने शीर तंतूवर घट्ट बसते, आणि आजूबाजूची कातडी व मज्जातंतू भाजत नाहीत. शीर नीट दाबली गेली नाही, उष्णता कमी पडली किंवा तंतू घाईने मागे ओढला गेला, तर ती पुढे महिन्यांनी पुन्हा उघडू शकते. जांघ कापावी लागत नसल्याने नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा प्रकार मात्र या पद्धतीत क्वचितच दिसतो. शल्यविशारदांच्या कित्येक पिढ्यांना जांघेतली एकूण एक फांदी बांधायला शिकवले गेले. आता त्या फांद्या शाबूत ठेवल्याने निकाल बिघडत नाही असे दिसते. पोटरीच्या खालच्या भागात सॅफिनस मज्जातंतू शिरेला चिकटून जातो, म्हणून उष्णतेचा उपचार बहुधा गुडघ्याच्या थोडा खालीच थांबवतात. त्याखाली उरलेल्या शिरांकडे नंतर लक्ष द्यावे लागते, आणि हे रुग्णाला आधी सांगितलेले नसले की त्याला शिरा ‘परत आल्या’ असे वाटते.

उपचारानंतर पहिले काम चालण्याचे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात, आणि तसे जावेच. दिवसातून थोडे थोडे करून अनेकदा चालणे खाटेवर पडून राहण्यापेक्षा सुरक्षित असते. पडून राहण्याने खोल शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. पहिले काही आठवडे रात्रभराचा बसप्रवास किंवा लांबचे विमान टाळलेले बरे. पोटरी अचानक दुखून सुजली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

मोज्यांबद्दल गैरसमज फार आहेत. उपचारानंतर दाबाचे मोजे किंवा बँडेज द्यायचे झाले तर सात दिवसांहून जास्त वापरू नये, असे ‘नाइस’चे म्हणणे आहे. आपल्याकडे महिनोन्‌महिने घालायला सांगतात. मोज्यांनी सूज, जडपणा आणि दुखणे कमी होते यात शंका नाही. त्यांनी शिरा परत येणे थांबते याचा पुरावा मात्र तोकडा आहे. दिवसभर उभे राहावे लागणाऱ्याने, सूज येणाऱ्याने आणि कातडी काळवंडलेल्याने ते घालावेत. बाकीच्यांनी चैत्र-वैशाखाच्या घामात स्वतःला छळण्याचे कारण नाही.

घालायचेच तर मापाने घ्यावेत. घोट्याचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत मोठा घेर सकाळी, सूज नसताना मोजतात. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तो टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घालायचे आणि मग वर सरकवत न्यायचा. रबरी हातमोजे घातले तर पकड येते. वरचा काठ दुमडायचा नाही, कारण दुमडीने पाय बांधल्यासारखा आवळला जातो. जोडवी धाग्यात अडकतात, म्हणून उघड्या बोटांचा मोजा बायकांना सोयीचा पडतो. तेल किंवा मलम रात्री लावावे. दिवसा मोज्याखाली लावले तर त्याने लवचीक धागा लवकर सैल होतो. रोज वापरला तर सुमारे सहा महिन्यांत मोज्याचा दाब उतरतो आणि नवा घ्यावा लागतो. मधुमेह असलेल्यांनी, तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि चालताना पोटरीत कळ येऊन थांबावे लागणाऱ्यांनी पायाच्या धमनीतला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय दाबाचे मोजे घालू नयेत. आधीच कमी असलेला पुरवठा त्यांनी आणखी आवळला जातो.

शिरेवर सततचा दाब टाकणारे सर्वांत मोठे कारण बहुतेकांच्या कामात असते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतले यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत मागांमधून उभेच असतात. चौकातला वाहतूक पोलीस, केशकर्तनालयातला कारागीर, कापडदुकानातली विक्रेती, वॉर्डातली परिचारिका, फळ्यापुढचा शिक्षक यांचीही तीच गत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले होते. दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकाने व आस्थापना कायद्यांत बसण्याचा हक्क घातला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फार वेळ उभे राहू नका’ असे लिहून दिले तरी मालक स्टूल देत नसेल तर तो सल्ला निरुपयोगी ठरतो. स्टूल मिळेपर्यंत कामगाराच्या हातात एवढेच असते की जागेवरच टाचा उचलून पोटरी आवळत राहावी, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा आणि जेवणाच्या सुट्टीत पाय छातीच्या उंचीवर टेकवून दहा मिनिटे पडावे.

वजन आणि गर्भारपण या दोन गोष्टींचा परिणाम खराच असतो. वजन जास्त असेल तर उपचार करणे कठीण जाते, आणि शिरा परतण्याची शक्यताही वाढते. गरोदरपणात उठलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचशा ओसरतात, म्हणून गरोदरपणात त्यांवर उपचार करत नाहीत. मांडी घालून बसल्याने शिरा फुगतात या समजुतीला आधार नाही. हा बायकांचाच आजार, हीही तशीच समजूत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एडिनबरोच्या पाहणीत मुख्य शिरा फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ३२ टक्के आढळले. पुरुष धोतर-पँटखाली ते वर्षानुवर्षे झाकतात आणि जखम झाल्यावर येतात.

ज्याच्या घोट्याजवळ एकदा जखम झाली आहे, त्याच्यासाठी पुन्हा न येऊ देणे ही दिसण्याची बाब राहत नाही. २००४ च्या ‘एस्चार’ या ब्रिटिश चाचणीत केवळ दाबपट्टी दिलेल्यांपैकी २८ टक्क्यांची जखम वर्षभरात पुन्हा उघडली. पट्टीबरोबर शिरेवर शस्त्रक्रियाही झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. चार वर्षांनंतरचे आकडे ५६ आणि ३१ असे होते. अशा रुग्णाने मोजे कायम घालावेत, रोज रात्री कातडीला मलम लावावे, खाजवू नये, आणि उपचारानंतर डॉपलर तपासणी चुकवू नये. फुगलेली शीर फुटून रक्त उडाले तर आडवे व्हावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने थेट जागेवर दाबून ठेवावे. वरती फडके आवळून बांधू नये. त्याने शिरेतला दाब वाढतो आणि रक्त जास्त जाते.

शिरा परत आल्याच, तर जांघ पुन्हा उघडायची सहसा गरज पडत नाही. जुन्या व्रणात शिरणे अवघड आणि धोक्याचे असते, त्यामुळे आता सोनोग्राफीखाली फोम टोचून, किंवा सरळ लांबीची शीर उरली असेल तर लेझरने काम भागते. त्यासाठी पहिल्या वेळी कोणती शीर, कुठवर आणि कशाने बंद केली होती हे नव्या डॉक्टरांना कळावे लागते. डिस्चार्ज कार्डावर मात्र अनेकदा ‘लेझर, डावा पाय’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून उपचारापूर्वीचा डॉपलर अहवाल, पायाचा नकाशा आणि उपचाराची पूर्ण नोंद यांची प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि घरी जपून ठेवावी.