मडहनी : एका वाद्यवृंदाचें दीर्घायुष्य

कीर्ति आणि टिकाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील सिॲटल शहराच्या ‘मडहनी’ नामक वाद्यवृंदाची हकीकत ऐकिली म्हणजे हा भेद ध्यानांत येतो.

या मंडळींच्या संगीतास ‘ग्रंज’ म्हणतात. बोलीभाषेंत या शब्दाचा अर्थ मळ असा आहे. गिटारचा विद्युत्‌प्रवाह पायाजवळच्या एका लहान पेटींतून नेला, कीं ती त्याला मर्यादेबाहेर वाढविते व त्याच्या लहरींचे माथे छाटून टाकते. त्यामुळें स्वर खरखरीत होतो. एरवीं जो यंत्राचा दोष मानावा, तोच येथें गुण ठरला. १९८८ सालच्या ‘सुपरफझ बिगमफ’ या ध्वनिमुद्रिकेचें नांव अशा दोन पेट्यांवरूनच ठेविलेलें आहे.

गायक मार्क आर्म, गिटारवादक स्टीव्ह टर्नर, मॅट ल्युकिन व तालवादक डॅन पीटर्स या चौघांनीं १९८८ सालीं हा वृंद स्थापिला आणि त्याच वर्षीं ‘सब पॉप’ या स्थानिक कंपनीनें त्यांची पहिली मुद्रिका काढिली. पुढें १९९१ सालीं त्याच परिसरांतील ‘निर्वाणा’नें हें संगीत जगभर पोहोंचविलें, परंतु त्या वृंदाचा प्रमुख कर्ट कोबेन १९९४ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, आत्मघातानें गेला व तो वृंद संपला. मडहनीला तसें अफाट यश कधींच लाभलें नाहीं. १९९२ पासून ‘रिप्राइझ’ या बड्या कंपनीनें त्यांच्या तीन मोठ्या ध्वनिमुद्रिका काढिल्या. १९९८ नंतर तो संबंध तुटला, आणि ल्युकिनही वृंद सोडून गेला. येथें कथा संपावयाची; पण गाय मॅडिसन येऊन मिळाला आणि २००२ सालीं मंडळी पुन्हां ‘सब पॉप’कडे परतली. २०२३ सालीं त्यांची ‘प्लॅस्टिक इटर्निटी’ प्रसिद्ध झाली.

हा टिकाव आला कोठून? आर्म यानें त्याच कंपनीच्या गोदामांत कित्येक वर्षें माल बांधण्या-पाठविण्याचें काम केलें. मॅडिसन रुग्णालयांत परिचारक होता. चूल गाण्यावर अवलंबून नव्हती, म्हणून गाणें बाजाराच्या लहरीवर अवलंबून राहिलें नाहीं.

घरांतील मूल गाण्याच्या नादीं लागलें, कीं “यानें पोट भरेल काय?” असें आपण विचारतों. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या जोडीस दुसराही विचारावा : पोटाची सोय अन्यत्र लावून ही कला पस्तीस वर्षें सांभाळतां येईल काय? सिॲटलच्या या मंडळींनीं त्याचें उत्तर दिलेलें आहे.