आशेचा नांगर

ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन गुण पायाभूत मानले जातात आणि संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ते एकत्र आले आहेत. यांपैकी विश्वास आणि प्रीती यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. आशेविषयी मात्र बहुधा गैरसमजच आढळतो, कारण व्यवहारात आशा म्हणजे 'पुढे सारे ठीक होईल' अशी मनाची घातलेली समजूत, एवढाच अर्थ घेतला जातो. ख्रिस्ती परंपरेला हा अर्थ अभिप्रेत नाही. परिस्थिती सुधारण्याची चिन्हे दिसोत वा न दिसोत, देव आपले वचन पाळील या भरवशावर जगणे आणि त्या भरवशाला शोभेल असे काम करीत राहणे, याला तेथे आशा म्हटले आहे. तिचा आधार पुनरुत्थान, म्हणजे क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला ही श्रद्धा, हा आहे आणि म्हणूनच ही आशा दुःखाला वळसा घालून पुढे जात नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांमध्ये विलापस्तोत्रांचा, म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाने देवाकडे मोकळेपणाने केलेल्या तक्रारीचा, वाटा फार मोठा आहे. तक्रार करीत असतानाही त्या माणसाने देवाशी बोलणे सोडलेले नसते, आणि त्या स्तोत्रांतील आशा नेमकी तेथे असते.

नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. मूळ प्रतिमा वादळात जहाज स्थिर ठेवणाऱ्या लोखंडी नांगराची आहे. परंतु मराठीत हाच शब्द जमीन फोडून पेरणीयोग्य करणाऱ्या अवजारालाही लागतो. भाषेतील हा योगायोग असला, तरी ज्या स्त्रीच्या जीवनात या आशेचे सर्वांत ठळक मराठी रूप दिसते, त्या पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकदमच खरे ठरतात.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या 1858 मध्ये जन्मली आणि आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत व संस्कृत शिकत वाढली. 1870 च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे उपासमारीने खचून एकामागून एक गेली. उरलेली दोन भावंडे पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास वारला आणि त्याच वर्षी ज्यांच्याशी विवाह झाला ते बिपिन बिहारी दास मेधावी 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने दगावले. तेव्हा रमाबाईंचे वय चोवीसच्याही आत होते आणि पदरी तान्ही मनोरमा होती.

पुण्यात आर्य महिला समाज स्थापून 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असताना त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराने होणारा ख्रिस्ती मंडळीतील प्रवेश, घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना सन्मानाने पुन्हा उभे करण्याचे त्या भगिनींचे लंडनमधील काम त्यांनी पाहिले होते, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा, जिच्यात येशू एका बहिष्कृत बाईशी विहिरीपाशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, त्यांच्या मनाला भिडली होती. तरीही त्यांची श्रद्धा आज्ञाधारक कधीच नव्हती. धर्मगुरूंचा अधिकार, त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे मिळून एकच देव असल्याचा सिद्धान्त, यांवर त्यांनी आपल्या धर्ममातेशी दीर्घकाळ वाद घातला. शाकाहारही सोडला नाही. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त गवसला तो काही वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात स्पष्टपणे मांडले. संकटातून आशेकडे जाण्याची वाट एका क्षणात संपते असे मानणाऱ्यांनी ही कबुली अवश्य लक्षात घ्यावी.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले, आणि 1893 मध्ये तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची अस्वस्थता निराधार नव्हती, कारण धार्मिक तटस्थतेचे आश्वासन आणि रमाबाईंची उत्कट श्रद्धा यांच्यात ताण होताच. परंतु त्या विधवांसाठी दुसरे दार किती उघडे होते, हा प्रश्न त्या वादात फारच कमी विचारला गेला.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे या मुलींची सोय सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे, शेतीसाठी घेतलेल्या जमिनीवर करावी लागली. आधी झोपड्या, मग विहिरी, मग इमारती अशा क्रमाने मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलीही आल्या आणि तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. अमेरिकेतील मित्रांनी 1887 मध्ये दहा वर्षांसाठी दिलेले अर्थसाहाय्याचे वचन याच काळात संपत आले होते, आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांच्याप्रमाणे, कोणाकडे निधी न मागता प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालय चालवण्याच्या रीतीचा रमाबाईंवर खोल ठसा होता.

हा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. केडगावात शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना चालत असे. खिळे जुळवणे, छापणे, पुस्तकबांधणी ही कामे स्त्रियाच करीत. पतित म्हणून हिणवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन होते आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, जेथे ब्रेल शिकवले जाई. येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तिमयाचे नाव घेतलेल्या या घरात डोळे परत येणार नव्हते. बोटांनी वाचता येणार होते. आशा म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथातही क्वचित सापडते.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, हे त्यामागचे कारण होते. संस्कृतवर असाधारण प्रभुत्व असलेल्या विदुषीने आपले पांडित्य बाजूला ठेवून स्वयंपाकघरातील व शेतातील बायकांना कळेल असा शब्द शोधत वर्षे घालवावीत, यातच त्यांच्या प्रीतीचे माप दिसते. 1921 च्या जुलैमध्ये, ज्या मनोरमेवर संस्थेचा पुढचा भार सोपवायचा होता, तीच वारली. आईवडील, भावंडे आणि पती यांच्यानंतर एकुलती एक मुलगीही गेली, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या पश्चात केडगावच्याच छापखान्यातून 1924 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुक्ती मिशनचे दार निराधार स्त्रिया व मुलांसाठी आजही उघडे आहे.