रिक्षातला गारठा आणि उपाशी पोट

पुण्यात बर्फ पडत नाही, म्हणून येथील थंडी निरुपद्रवी आहे असे समजू नये. डिसेंबर-जानेवारीत शहरातील पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते. नेमक्या याच दिवसांत अनेक ज्येष्ठ नागरिक सकाळी सातच्या सुमारास उपाशीपोटी रक्त तपासण्यासाठी रिक्षाने निघतात.

रिक्षा हे तीन चाकांचे, बाजूंनी उघडे वाहन. हवा १० अंशांची असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांइतका गारठा जाणवतो. त्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकाही थंड हवेने आवळतात. शिवाय उतारवयात थंडीची जाणीवच मंदावते. म्हणून ‘मला काही थंडी वाजत नाही’ या आजोबांच्या उद्गारावर विसंबू नये.

मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. अंगाची थरथर दिसली की सोबतचा माणूस शाल घट्ट करतो. परंतु ती थरथर रक्तातील साखर उतरल्याचीही असू शकते. थंडीतही घाम येणे, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तपासणीची पर्वा न करता त्याला तत्काळ तीन-चार चमचे साखर द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये.

यातला बराचसा त्रास टाळता येतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. कोलेस्टेरॉलची तपासणीही अनेकदा खाऊन चालते. आपल्या डॉक्टरांना तसे विचारा. उपाशीपोटीच रक्त द्यावयाचे असेल, तर घरी येऊन नमुना नेणारी सोय पाहा. पाणी पिण्यास सहसा हरकत नसते. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घ्यावी का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका.

जावेच लागले, तर कानटोपी, पायमोजे आणि नाकातोंडावरून मफलर घ्यावा. ज्येष्ठांना मध्ये बसवून सोबत्याने वाऱ्याच्या बाजूला बसावे. साखर व बिस्किटे जवळ असावीत. उतरताना गारठलेले गुडघे चटकन वळत नाहीत. रिक्षा पूर्ण थांबू द्यावी, हात द्यावा, घाई करू नये.

आणि छातीत दाब, दम लागणे किंवा तोंड वाकडे होणे असे काही दिसले, तर रिक्षा शोधण्यात वेळ दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.