गृहकर्जाचे मध्यस्थ आणि पतटंचाईची पाच वर्षे : 2018 ते 2023

गृहकर्जाच्या मध्यस्थाला भारतात डीएसए म्हणतात. ग्राहक शोधणे, कागदपत्रे जमवणे आणि फाइल बँकेत किंवा गृहवित्त कंपनीत दाखल करणे हे त्याचे काम. कर्जाचे वितरण झाल्यावर त्या रकमेवर ठरावीक टक्क्यांनी मोबदला मिळतो. वितरण अडले की उत्पन्नही अडते. 2018 ते 2023 या काळात असा कसोटीचा प्रसंग तीनदा आला आणि दर वेळी त्याचे कारण वेगळे होते.

पहिल्या खेपेला कर्ज देणाऱ्यांकडचाच पैसा आटला. 2018 मध्ये पायाभूत सुविधा आणि वित्त क्षेत्रातील आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली. त्याच्यावर सुमारे 91,000 कोटी रुपयांचे कर्ज होते. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. अल्पमुदतीचा पैसा उभारून 15-20 वर्षांची कर्जे देणाऱ्या गृहवित्त कंपन्यांची त्यामुळे कोंडी झाली. 20 नोव्हेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले. एकाच कंपनीच्या भरवशावर धंदा करण्यातला धोका इथे उघड झाला. ठेवींचे बळ असलेल्या बँका कर्ज देत होत्या, पण छोट्या दुकानदाराच्या रोजच्या उलाढालीपेक्षा त्यांचा भर प्राप्तिकर विवरणपत्रांवर असे. त्यामुळे निरनिराळ्या संस्थांशी संबंध राखणे आणि प्रत्येकीच्या निकषांनुसार फाइल तयार करणे ही मध्यस्थाची गरज बनली.

दुसऱ्या खेपेला कर्जदाराचे उत्पन्न आटले. करोनाच्या टाळेबंदीत 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळातील हप्त्यांना स्थगितीची मुभा मिळाली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, मे 2020 मध्ये 4 टक्क्यांवर आला आणि सप्टेंबरपासून मुंबईतील मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर उतरले. कर्ज स्वस्त झाले, पण पगारकपातीमुळे पात्रता घटली. कमावता सहअर्जदार जोडणे हा त्यावरचा एक मार्ग होता. जुन्या ग्राहकांची यादीही या काळात कामी येण्याजोगी होती. चढ्या दराचे कर्ज कमी दराच्या बँकेत हलवले की ग्राहकाचा हप्ता उतरतो आणि मध्यस्थाला नवे वितरण मिळते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसल्याने हे शक्य होते. तरी प्रक्रिया शुल्क आणि उरलेली मुदत यांचा हिशेब आधी मांडणे हाच सचोटीचा व्यवहार.

तिसऱ्या खेपेला दर चढले. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.50 टक्क्यांवर गेला. 20 वर्षांच्या 30 लाखांच्या कर्जाचा हप्ता 7 टक्के दराने सुमारे 23,260 रुपये, तर 9.5 टक्क्यांनी सुमारे 27,960 रुपये होतो. जुनाच हप्ता झेपणाऱ्याला नव्या दराने 25 लाखांच्या आसपासच कर्ज मिळते. अशा वेळी ताणून मोठे कर्ज बसवण्यापेक्षा ग्राहकाला लहान घर किंवा स्वतःची जास्त रक्कम घालणे असा पर्याय सुचवणे हिताचे असते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा स्थिर दराकडे वळणे हे पर्याय कर्जदारापुढे ठेवण्यास सांगितले. त्यांतील फरक आकड्यांनिशी समजावून सांगणे हेही मध्यस्थाचे काम झाले.

तिन्ही प्रसंगांत उपाय निराळे होते, पण पाया एकच होता : कर्जदाराची परतफेडीची खरी कुवत. ती नेमकी जोखून तयार केलेली फाइल एका दारातून परत आली, तरी दुसऱ्या दारी नेता येते.