डोंगरातली भेग आणि आकाशातली मोजपट्टी

८ ऑक्टोबर २००५, शनिवार. रमजानचा पहिलाच आठवडा. सहरी करून माणसे कामाला लागली होती, मुले शाळेत पोहोचली होती. सकाळी पावणेनऊच्या सुमारास मुजफ्फराबाद आणि बालाकोटची जमीन हादरली. ७.६ तीव्रतेच्या या भूकंपात सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळांच्या छताखाली सापडलेली हजारो मुले होती. आपल्या बाजूला उरी, तंगधार भागातही हजारावर बळी गेले.

दरडींनी रस्ते बंद होते. जमीन नेमकी कुठे फाटली, हे पायी फिरून शोधायला बराच काळ लागला असता. पण युरोपचा एन्व्हिसॅट उपग्रह तेव्हा सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून फिरत होता. तो जमिनीवर रडारच्या लहरी सोडी आणि परत आलेल्या लहरींतून चित्र तयार करी. रात्र असो वा ढग, त्याचे काम अडत नसे. आधीच्या आणि नंतरच्या चित्रातल्या लहरी ताडून पाहिल्या की जमीन काही सेंटीमीटर सरकली असली तरी कळते. इथे मात्र उलटीच अडचण आली. भेगेजवळ जमीन इतकी सरकली होती आणि उतार इतके ढासळले होते की लहरींचा मेळच बसेना. मग शास्त्रज्ञांनी दोन्ही चित्रांतले ठिपके जुळवले आणि कोणता ठिपका किती हलला ते मोजले. सुमारे ९० किलोमीटर लांब पट्ट्यात जमीन मीटरभराहून अधिक सरकली होती. मुजफ्फराबादच्या उत्तरेला हा आकडा सहा मीटरपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ दुमजली घराची उंची!

आम्हाला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. ही भेग, भूशास्त्राच्या भाषेत भ्रंश, अगदीच अनोळखी नव्हती. जपानी आणि पाकिस्तानी अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात तिचे काही भाग आले होते. पण नकाशा अभ्यासकांकडे राहिला आणि शाळा भेगेवर उभ्या राहिल्या.

भूकंपानंतर बालाकोट धोक्याचे क्षेत्र ठरले. बकरियाल येथे नवे शहर वसवण्याची घोषणा झाली. ते वर्षानुवर्षे अपुरे राहिले आणि लोकांनी जुन्याच जागी घरे बांधली. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण शेत, दुकान आणि वाडवडिलांचे कबरस्तान सोडून जायचे, तर निदान पुढे छप्पर तरी तयार हवे ना?

काश्मीर खोऱ्यात आता जीपीएस केंद्रे जमिनीची चाल मोजतात. तिथे हिमालय दरवर्षी सुमारे एक सेंटीमीटर आवळला जातो आहे, असे या मोजणीतून दिसले. खालचे खडक एकमेकांत अडकून बसल्यामुळे हा ताण साठत राहतो. तो कोणत्या दिवशी सुटेल, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. कुठे साठतो आहे, हे मात्र कळते. शाळेचे बांधकाम कुठे आणि किती भक्कम हवे, हे ठरवायला तेवढी माहिती पुरते.